चाळीसच्या आत

मला रिव्हर्स येत नाही.
लायसन्स मिळालं कसं, ते त्या आरटीओवाल्याला विचारा.
म्हणून रस्ता असा शोधलाय
की गेलो त्याच वाटेनं परत यायला नको.

शेजारी राजमणी बोल्ली,
एकतीस वर्षं टॉवेलांच्या कडा शिवलेली.
मांडीवर डबा, कडक भाकरी नि शेंगाचटणी,
पायाशी घडी घातलेलं पोतं.
सोलापूर सुटेपर्यंत ती मागंच बघत होती,
गॅस बंद केला का आठवत.

मंगळवेढ्याच्या रस्त्यावर सगळे हॉर्न आमच्यासाठी.
ट्रक पुढं निघून जातात,
त्यांच्या पाठीवरचं अर्धंच वाचून होतं.
"हळू चालव," राजमणी म्हणते.
"चाळीसवर आहे गं."
"मग पस्तीस कर की. काय पेटलंय का कुठं?"

बेगमपूर.
कबरीच्या ओट्यावर एक शेळी बसलेली, मालकिणीसारखी.
सायकलवाला पोरगा सांगतो,
बादशहाची पोरगी हाय हितं.
कुणी म्हणतं पोरगी नाही, बायको.
त्याला दोन्ही चालतं.
राजमणी चप्पल काढून उभी राहते.
"बापाच्या नोकरीपायी," ती म्हणते,
"पोरी कुठं कुठं मरतेत बघ."

मग गाडीत, बऱ्याच वेळानं,
काचेबाहेर बघत :
तिचा बाप करीमनगरहून मागावर बसायला आला
तेव्हा घरातनं चार बहिणी निघाल्या होत्या.
सोलापूरला तिघी उतरल्या.
बावीस वर्षांची आमची ओळख,
आणि मला हे आज कळतंय,
पस्तीसच्या वेगात.

माचणूरला मी गाडी पार घाटाच्या तोंडाशी नेली.
पुढं भीमा, खाली पायऱ्या,
मागं जाण्याचं मला माहीत नाही.
छावणी टाकून बसलेल्या त्या म्हाताऱ्या बादशहालाही
इथनं परत जाणं जमलं नव्हतं म्हणे,
पण त्याच्याकडं फौज होती.
माझ्याकडं कपडे धुणाऱ्या चार बाया आल्या,
ओले हात बॉनेटला लावून
"न्यूट्रल कर, न्यूट्रल" म्हणत
मला मागं ढकललं.
त्यातल्या एकीचा नवरा ड्रायव्हर होता.

मंगळवेढ्यात पोत्याचा उलगडा.
"आयुष्यभर दुकानदार म्हणायचा,
मंगळवेढ्याची ज्वारी हाय, घ्या.
कधी होती, कधी नव्हती.
आज रान बघून घेते."
बघितलं. काळं, भेगाळलेलं, आभाळाच्या कडेपर्यंत,
एक झाड नाही.
तिनं मूठभर दाणे तोंडात टाकले,
चावले, आणि भाव न करता पैसे दिले.
पोतं मागच्या सीटवर. पट्टा लावला त्याला.

रात्री मुक्काम, सकाळी कुडल.
दोन नद्या मिळतात तिथं,
देवळात अंधार, तुळईवर ओळ,
हजार वर्षांची मराठी म्हणतात.
मोबाईलच्या उजेडात मी एकेक अक्षर लावते,
राजमणीला सांगते, अर्थ असा :
जो हे वाचील, तो विजयी होईल.
ती मान वर करून बघत राहते.
तिला वाचायला येतं तेलुगू, तेही देवाच्या पोथीपुरतं,
पण कड तपासायची नजर अजून शाबूत.
"इथवर बरं हाय," ती बोट हवेत फिरवते,
"इथनं पुढं हात भरून आलाय त्याचा.
दुपारनंतरचं काम हाय हे."

नि थोडं थांबून,
"वाचणारा जिंकला. कोरणाऱ्याला काय दिलं?"

मला उत्तर माहीत नव्हतं.
बाहेर येऊन आम्ही डबा उघडला.
भाकरी दगडावर आपटून फोडली,
चटणीत तेल कमी होतं, त्यावर ती बराच वेळ बोलली.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागलेले.
गल्लीत गाडी तोंड आत करून उभी केली,
भिंतीपासून वीतभर.
पोतं उतरवलं दोघींनी.
गॅस बंदच होता.

गाडी उद्या बाहेर कशी काढायची,
ते उद्या.