साडेपाच

इथे घर खोल्यांनी मोजतात.
वरची अर्धी खोली म्हणजे न्हाणीघर.
तिघींना साडेपाच पुरतं, ओडील म्हणते,
लॉन्ड्रीच्या बाकावर, मांडीवर वही,
समोर एकाच यंत्रात तिघींचे कपडे
गरगरताहेत,
काटकसरीची रंगीत तालीम.
फाब्योलाच्या लाल मोज्यानं
माझा पांढरा शर्ट गुलाबी केलाय.
"घे, पहिला हप्ता," ती म्हणते.

मार्च संपत आलाय. माँट्रियालच्या फुटपाथांवर
बर्फ काळा पडून बसलाय, उठवत नाही त्याला.
एक जुलैला निम्मं शहर घर बदलेल,
गाद्या रस्त्यावर येतील, फ्रिज जिन्यात अडकतील,
त्या गर्दीत आम्हीही असू.
असू ना?

वहीत लिहिलंय:
भाताचं मोठं पातेलं, फाब्योलाच्या आईचं
(तिला अजून विचारलेलं नाही).
सोफा, ओडीलच्या मावशीचा, कुत्र्याच्या वासासकट.
माझा टोस्टर. एकाच बाजूनं भाजतो.
झाडू कुणाकडेच नाही.

भाडं सतराशे पन्नास, भागिले तीन.
एक सेंट उरतो.
तो कुणी भरायचा, यावर
कपडे वाळेपर्यंत वाद.

मग मागच्या खोलीचा विषय निघाला.
तिला खिडकी नाही.
आम्ही दोघी वहीकडे बघत राहिलो,
आणि फाब्योला म्हणाली, "मला द्या,
रात्रपाळी करून येते मी वृद्धाश्रमातून,
दिवसा झोपायला अंधारच बरा."
इतकं पटकन म्हणाली
की कळलं, हे वाक्य ती घरून
घडी घालून घेऊन आली होती.
ओडीलनं काही न बोलता
सगळा हिशेब खोडला
आणि तिचा वाटा कमी करून
पुन्हा भागाकार मांडला.
या वेळी सात सेंट उरले.
कुणी भांडलं नाही.

घरमालकीण मादाम त्रेपानिएला
जामीन म्हणून कुणाची तरी सही हवी.
बाबांसमोर कागद ठेवला.
त्यांनी चष्मा पुसला,
एक एक ओळ बोट ठेवून वाचली,
घर घेतोय की विकतोय असं वाटावं इतक्या सावकाश.
सही केली. पेनाचं टोपण लावलं.
मग माझ्या खोलीत जाऊन पलंगाकडे पाहत म्हणाले,
"हा नाही चढायचा.
तिथला जिना बाहेरून आहे, लोखंडी,
आणि मधेच वळतो."
पान्हा घेऊन गुडघ्यावर बसले,
एक बोल्ट सैल करून पाहिला,
परत घट्ट केला. अजून तीन महिने आहेत.

"तुम्ही कधी पाहिलात जिना?"

"रविवारी. पाव आणायला गेलो होतो, तेव्हा."

बेकरी आमच्या घराच्या
खालच्याच मजल्यावर आहे.