नावेची बाजू

हळद पेठेत दुग्ग्यांच्या अडतीवर
बावीस वर्षं तोलाईच्या वह्या लिहिते मी.
पोती, किलो, कटती, हमाली.
आकड्याला भ्यायची सवय नाही हाताला.
तरी विश्रामबागच्या लॅबमधून आलेला कागद
दोनदा घडी घातला, दोनदा उलगडला.
प्लेटलेट्स: सहा लाख एक्याऐंशी हजार.
शेजारी वर तोंड केलेला एक बाण,
आणि कंसात गप्प बसलेली मर्यादा,
दीड ते साडेचार.

नणंद म्हणाली, वाढल्यात न्हवं? मग चांगलंच की!
महापुराच्या वर्षी डेंग्यू झाला तवा
आमच्या बाहुबलीच्या अठरा हजारांवर आल्या होत्या,
पपईच्या पानांचा रस पाजून पाजून
पोराचं तोंड कडू झालं महिनाभर.
तुला आयत्याच मिळाल्या, वाट थोड्या.

आण्णू हमाल पोत्यावर बसून म्हणाला,
वयनी, माल लई आला की भाव पडतो,
एवढंच मला कळतंय.

रात्री मी एकटीच मोजत बसले.
काम काय त्यांचं? कुठं चिरलं, कापलं
की धावत येऊन भोकाला बोळा घालायचा.
आणि गर्दी झाली तर?
कुठल्या नळीत, कुठल्या वळणावर
बोळे आपापसातच अडकून बसले तर?
आयर्विन पुलाच्या कमानीला
पाणी ओसरल्यावर लटकलेला पालापाचोळा आठवला.
दिवा लावला, पाणी प्यायले.

आवटीबाईंनी बाणाकडं बघितलंच नाही.
माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली,
नखं दाबून सोडली.
पाळीत किती दिवस जातात?
नऊ, म्हटलं. कधी अकरा. चालायचंच.
दम लागतो?
माळ्यावर चढताना. वय झालं.
मग लिहिता लिहिता, वर न बघता,
कोरडे तांदूळ खाता?

गल्ल्यातून नोट उचलताना कुणी मनगट धरावं
तसं झालं.
तिजोरीमागचा तो पितळी डबा
सुकुमारलासुद्धा माहीत नव्हता.
मूठ, दीड मूठ, रोज, हिशेब लिहिताना,
कुरूम कुरूम.

त्या म्हणाल्या, अंगातलं लोह संपलंय तुमचं.
ते संपलं की हाडाच्या पोकळीतला कारखाना
तांबडं पुरेसं बनवू शकत नाही,
आणि या बारक्या चकत्याच पाडत सुटतो.
बहुतेक तेच.
बहुतेक.
तीन महिने गोळ्या, लिंबाच्या पाण्यातून, चहापासून लांब,
गर्भपिशवीची सोनोग्राफी,
आणि परत मोजू.
तरी उतरल्या नाहीत तर हाडातल्या मज्जेची तपासणी.
मज्जा म्हणतात म्हणे त्याला.
ते तेव्हाचं तेव्हा.

जिना उतरताना वाटलं, हे तर मला येतं.
जमा फुगलेली दिसली
की मी जमेकडं बघत नाही,
नावेची पानं मागं मागं चाळते.
कुठंतरी एक खर्च
लिहायचा राहिलेला असतो.
हा राहिला होता.
महिन्याला नऊ दिवस, सहा वर्षं.

आणि कुणाला दिसणार होतं?
पेठेत सगळेच पिवळे.
हमाल पिवळे, वह्या पिवळ्या,
काट्याखाली झोपणारी मांजर पिवळी.
घरी जाऊन मी तोंड धुवायची,
तरी उरायचं ते हळदीचंच,
असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

दोन महिने झाले.
गोळीनं जिभेवर खिळ्याची चव राहते,
आणि सकाळी काळं होतं, ते होणारच म्हणाल्या.
रक्त अजून परत दिलेलं नाही.
काल सौदा मोठा होता,
चारशे अकरा पोती उतरली.
वही मिटली तेव्हा आण्णू म्हणाला,
वयनी, हल्ली कुरकुर ऐकू येत नाही.
म्हणजे त्याला ठाऊक होतं.

तो गेल्यावर डबा काढला.
झाकण घट्ट बसलं होतं.
तांदळात टोके झाले होते.