सेहेचाळीस मिनिटं

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याहून वर,
नकाशात नखाएवढा हा नाला.
नाव विचारलं तर जो तो वेगळं सांगतो,
म्हणून फाइलीत मी त्याला नंबर दिला : चौदा-ब.

लांबी चार हजार दोनशे मीटर.
माथ्यापासून फरशीपर्यंत उतार एकशे सव्वीस.
लांबीला एक घात, उताराला दुसरा, तोही उणे,
कॅल्क्युलेटरवर चार बोटं, आणि उत्तर :
सेहेचाळीस मिनिटं.
म्हणजे सगळ्यात लांबचा थेंब
डोंगरावरून निघून एवढ्या वेळात फरशी गाठतो
आणि तेव्हा नाला भरात येतो.
असं सूत्र म्हणतं.
सूत्र कुठल्या तरी परक्या शेतांवर बसवलेलं,
त्यानं केळीचा मळा पाहिलेला नाही.

हिलाल तात्याचं माप चिलमीचं.
डोंगर काळा झाला, वीज दोनदा कडाडली
की तीन चिलमा निवांत ओढायच्या,
मग बैल अलीकडे आणायचे. उभ्या जन्माचा हिशोब.
"आणि आता?" मी विचारलं.
"आते एक बी पुरी व्हत नही, ताई.
नाला आते दम धरस नही."
खरं सांगते, मला बरं वाटलं.
चुकणारी मी एकटीच नव्हते.

पण हे विचारलं ते नंतर.

त्याआधी सप्टेंबरची सोळा तारीख.
पर्जन्यमापकात तासाला बासष्ट मिलिमीटर.
मी पट्टीसमोर, जीपमध्ये, मांडीवर वही.
पाचव्या मिनिटाला काही नाही.
दहाव्याला गढूळ, काड्या, एक चप्पल.
पंधराव्याला घोटाभर.
सुकलाल दूधवाल्याने मोटरसायकल थांबवली,
दोन्ही बाजूंना कॅन, डोक्यावर खताची गोणी.
"मॅडम, किती टाइम आहे अजून?"
मी वहीत बघितलं. वहीत!
"अर्धा तास तरी आहे," मी म्हणाले. "जा."

तो फरशीच्या मध्यावर असताना
वळणावरून पाणी उभं आलं,
आवाज आधी, मग रंग.
सुकलालने दगडी खुंट मिठीत धरला.
गाडी गेली. कॅन गेले.
एकोणतिसाव्या मिनिटाला शिखर.
हात थरथरत होता तरी मी नोंद केली,
आणि त्याची लाज अजून वाटते.

मग उरलेली सतरा मिनिटं शोधायला नाला चढले.
काही मुरमाच्या खाणीत सापडली,
काही नव्या रस्त्याच्या सरळसोट गटारात,
काही ट्रॅक्टरने सपाट केलेल्या बांधांत.
अंजनाची झाडं होती तिथे नुसते बुंधे,
पाण्याला थबकायला, बसायला,
दोन शब्द बोलायला कुणी राहिलेलं नव्हतं.

साहेबांना आकडा एकच हवा.
रकाना एकच असतो.
मी एकोणतीस लिहिलं, शेऱ्यात लिहिलं :
पुढल्या वर्षी पुन्हा मोजावे.
शेरे कोणी वाचत नाही.

खालच्या अंगाला, बाभळीच्या दुबेळक्यात
एक कॅन अडकला होता, माझ्या डोक्याहून वर.
त्याहून नेमकी पूररेषा मला आजवर मिळालेली नाही.
सुकलाल खाली उभा. "काढू का, मॅडम?"
"थांब," मी म्हणाले, "आधी पातळी घेऊ दे."
तो काही बोलला नाही.
चिखलात उतरून पट्टी धरली त्याने,
सरळ, न हलवता,
मी दुर्बिणीतून आकडा वाचेपर्यंत.
किती वेळ लागेल, ते मात्र विचारलं नाही.