हासिन्तासाठी

कागद वहीतून टरकावलेला, कोपऱ्यात तेलकट अंगठा.
वरती: नट, दोन डझन.
खाली: पाऊस, नाही.
आणि मधे, त्याच पेन्सिलीने, त्याच घाईत:
स्प्रिंग, हासिन्तासाठी.
क्रियापद नाही.
तारीख उंदरांनी नेली.

वकील ओयार्सो फोनवर म्हणतात,
सोपं आहे बाई, मानान्तियाल लिहा. झरा.
खाणीने पाइप टाकलाय त्या झऱ्यात, गुरुवारी सुनावणी आहे,
इंग्रज इंजिनियरने हासिन्ताला झरा लिहून दिला,
कागद बोलतोय.

कागद बोलत नाही.
कागद तोंडात गुळणी धरून बसलाय.

सोळा वर्षं मी इकिकेच्या या खोलीत
इंग्रजीचं स्पॅनिश करते, शपथेवर, शिक्क्यासकट:
जहाजांच्या मालाच्या याद्या, वॉशिंग मशीनची माहितीपत्रकं,
एकदा एका खलाशाचा घटस्फोट.
तिथे शब्द कसे मुकाट्याने रांगेत उभे राहतात.
हा नाही राहत.
जमिनीतून पाणी उसळलं, फांदीतून पान उसळलं,
बोटाखालून लोखंडी कळ उसळली,
इंग्रजांनी उसळी तेवढी पाहिली
आणि तिघांना एकाच नावाने हाक मारली.
आमच्याकडे तिघांची बिऱ्हाडं वेगळी:
मानान्तियाल, प्रिमावेरा, रेसोर्ते.
बाजारात भेटले तरी ओळख दाखवणार नाहीत.

प्रिमावेरा म्हणावं तर या वाळवंटात
सप्टेंबर येतो तो झेंडे घेऊन, पान घेऊन नाही.
तरी समजा, येईन वसंतात, असं म्हणाला असेल तो.
कुठल्या?
त्याच्या देशातल्या एप्रिलच्या, की इथल्या सप्टेंबरच्या?
की हासिन्ताने वर्षातून दोनदा
रस्त्याकडे तोंड करून मिरच्या निवडल्या?

दोन्या एदुविहेस आली बुधवारी,
डोंगरावरून पाच तासांची बस, बुटांवर पांढरी माती.
हासिन्ताची नात. वय विचारलं तर म्हणाली, खूप.
तिने टेबलावर सिगरेटचा पत्र्याचा डबा ठेवला.
आजीचा आहे, म्हणाली, कशाला जपला कुणास ठाऊक.
आत, कापसावर, गंजलेलं वेटोळं. करंगळीएवढं.

मी डब्याकडे पाहिलं. मग कागदाकडे.
नट, दोन डझन.

मी तिला सगळं सांगितलं. तिन्ही अर्थ, आणि गुरुवार.
सांगताना वाटलं, डॉक्टर असंच बोलत असतील,
आवाज सपाट ठेवून.
ती ऐकत राहिली, आणि एकाएकी हसली,
तोंडावर पदरासारखी शाल ओढून, पोरीसारखी:
गावात स्प्रिंगचा पलंग एकच होता बाई,
आजीचा.
करकरायचा म्हणे.

म्हणजे चौथा.

मग हसू पुसून म्हणाली,
तो यायच्या आधीपासून आम्ही तिथून पाणी भरतोय.
त्याने दिलं नसेल
तर ते आमचं नाही का?

याचं भाषांतर माझ्याकडे नव्हतं.
न्यायाधीशांकडे असेल का, माहीत नाही.
मी पेनाचं टोपण काढलं.
जागा सोडली होती मी, एका शब्दाएवढी,
मानान्तियाल मावेल इतकी रुंद,
रेसोर्ते लिहिलं तर थोडी उरेल.

ती डबा बंद करायला गेली, झाकण अडकलं, तिने दाबलं,
आणि ते गंजकं वेटोळं
इतक्या वर्षांनी
टण्णकन उडालं, कपाटाखाली गेलं.

आता आम्ही दोघी जमिनीवर.
ती फुटपट्टीने चाचपते, मी मोबाईलचा दिवा धरते.
धूळ, एक बटण, कुणाची तरी पावती.
गुडघ्यात कळ उठते.
वर टेबलावर कागद, पेन उघडंच.
सापडलं का, ती विचारते.
अजून नाही, मी म्हणते, थोडं डावीकडे.