नवतपा

तसं काही घडलं नाही.
कुणी गेलं नाही, नोकरी सुटली नाही,
डॉक्टरांनी फाइल मिटून माझ्याकडे पाहिलं नाही.
फक्त एका रविवारी, मेकोसाबागेतल्या आमच्या देवळात,
पंख्याखालचा नेहमीचा बाक धरून
मी गुडघे टेकले
आणि आत कुणी नव्हतं.
मीसुद्धा.

तेव्हापासून दीड वर्ष
मी संडे स्कूलच्या मुलांसमोर
फ्लॅनेलच्या फलकावर मेंढपाळ चिकटवते,
मेंढरू चिकटवते.
मेंढरू पडतं. जुनं झालंय, पकड राहिली नाही.
मुलं हसतात.
मग मी ते अंगठ्याने दाबून धरते
गोष्ट संपेपर्यंत.

पाळकसाहेब म्हणाले, वाचन वाढवा.
वाढवलं.
ओळी कूलरच्या वाळक्या गवतासारख्या,
वारा यायचा त्यांतून,
पण गरम.

शुक्रवारची प्रार्थना दीनाबाई पारध्यांकडे होती.
नवतपा लागलेला, पारा सत्तेचाळीसवर,
डांबर चपलेला सोडत नव्हतं.
वीज गेलेली. आम्ही सात बायका, एक माठ,
ताटात कापलेलं टरबूज.
दीनाबाई ब्याऐंशीच्या. मिशनच्या दवाखान्यात दाई होत्या,
अर्धी वस्ती पहिल्यांदा रडली ती त्यांच्या हातांवर.
हल्ली नावं विसरतात. लेकीचंही.
त्यांची पाळी आली.
"हे बापा," म्हणाल्या, आणि थांबल्या.
थांबल्या त्या थांबल्याच.
कुणी खोकलं. गल्लीतून गोळेवाल्याची घंटी वाजत गेली.
मला वाटलं, झोपल्या.
मग म्हणाल्या,
"तुले मालूमच हाय."
आमेन.
आणि डोळे उघडून टरबुजाकडे पाहिलं.

त्या रात्री आमचा कूलर नुसताच घुरघुरत होता.
टाकी काठोकाठ, गवत कोरडं ठणठणीत.
पंप अडकलेला.
दोन वाजता उठून मी त्याला चपलेनं ठोकलं,
आणि वरून एक धार सुटली, मग दुसरी,
खोलीभर ओल्या वाळ्याचा वास.
याला मी चमत्कार म्हणणार नाही.
दर उन्हाळ्यात असं होतं.
पण पाणी होतं. सगळा वेळ तिथंच होतं.

ओल्या हातांनीच मी पलंगाशी बसले.
म्हटलं, तुला मालूमच आहे.
पुढे सुचेना. उत्तरही आलं नाही.
फक्त ते गप्प बसणं
रिकाम्या खोलीतलं नव्हतं,
कुणी ऐकत असलं की आपण अडखळतो ना,
तसलं होतं.

परवा मेंढरू पुन्हा पडलं.
छोटा सायलस म्हणाला, "टीचर, त्याले गोंद लावा ना."
असू दे, म्हटलं.
गोष्ट निम्म्यावर आली तशी बोटाला रग लागली,
मनगट दुखायला लागलं.
मी सोडलं नाही.
मेंढराला यातलं
काहीच ठाऊक नव्हतं.