तीन पॉइंट चार

आई विचारायची, तुमची कंपनी करते तरी काय?
भुकटी, मी म्हणायचो.
कसली?
दुधाची. निवळीची. दुधातल्या साखरेची.
मग दाखव ना एखादा पुडा.
वावी वेशीतल्या दुकानात मी बिस्किटाचा पुडा उलटा धरला
आणि बारीक अक्षरांवर नख ठेवलं:
हे बघ, मैदा, साखर, तेल, त्याच्यानंतर आम्ही.
तिनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
म्हणाली, जरा मोठं लिहायला सांग की त्यांना.

मुसळगावात चार मजले उंच आमचा ड्रायर.
वरून दूध धुक्यासारखं सुटतं
एकशे नव्वदच्या हवेत,
खाली येईतो पीठ झालेलं असतं.
मधलं काही दिसत नाही.
काचेच्या भोकाला टॉर्च लावायचा
आणि पांढऱ्यात पांढरं फिरताना बघायचं.
दर दोन मिनिटांनी भिंतीवर हातोडे पडतात,
ठण्ण, ठण्ण,
चिकटलेलं सुटावं म्हणून.
सुट्टीच्या दिवशी, दुपारच्या झोपेतही पडतात
आणि मी सुटतो,
अर्धा पलंगावरून खाली.

आत जाताना अंगठी काढा, गंडा काढा, घड्याळ काढा.
केसांना जाळी, दाढीला जाळी.
रतन ह्याळीजांना मिशी होती, म्हणून ओठांवरही जाळी,
बोलणं गाळून बाहेर यायचं,
आधीच थोडं, त्यात गाळलेलं.

एकवीस वर्षं ड्रायरवर.
स्क्रीनवरचे आकडे त्यांना नीट दिसत नसत
आणि त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही.
हातमोजे सक्तीचे नव्हते तेव्हा
गरम भुकटी मुठीत घ्यायचे, दाबायचे, मूठ उघडायचे.
तळहाताच्या रेषा उमटून तशाच राहिल्या, तर ओल जास्त.
उमटायच्या आत भुरभुरल्या, तर करपायच्या बेतात.
उमटल्या, एक श्वास थांबल्या, मग मोडल्या
की म्हणायचे, तीन पॉइंट चार.
वीस मिनिटांनी लॅबमधून शर्वरीताईंचा फोन:
तीन पॉइंट चार.
एकदा तीन पॉइंट सहा आलं.
मशीन तपासा, ह्याळीज म्हणाले.
तपासलं. मशीन बरोबर होतं.
दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत.

हार, नारळ, फोटो दिवसपाळीत उरकले होते,
तरी शेवटच्या रात्री ते पाळीवर आले.
पहाटे साडेचारला, पोती शिवतात तिथे,
जमिनीवर सांडलेली, फेकायच्या ढिगातली मूठभर उचलली.
ही कुणाच्या पोटात जात नाही, म्हणाले,
आणि मोजा काढला. माझाही काढायला लावला.
दाब. अजून. उघड.
माझी आयुष्याची रेषा पांढऱ्यात उलटी उमटली,
जरा थांबली,
पडली.
किती?
मला सांगता येईना.
त्यांनीही सांगितलं नाही.
झाडू माझ्या हातात दिला आणि हात धुवायला गेले.

आता गिरणीतून बाजरीचं पीठ आलं
की मी डब्यात हात घालतो, मूठ दाबून बघतो.
सुवर्णा परात घेऊन उभी:
झालं का? किती पॉइंट किती?
मी आकडा सांगतो.
ती तो ऐकते
आणि पाणी आपल्या अंदाजानं घालते.

काल रात्री स्क्रीनवर सगळं हिरवं होतं.
हातोड्यांचा आवाज मात्र जाड वाटला,
ओल्या भिंतीवर थाप मारावी तसा.
पाळीवरच्या पोरांना विचारलं. नेहमीचाच आहे, म्हणाले.
तरी तासाची वाट न बघता नमुना पाठवला.
तीन पॉइंट नऊ.
फीड कमी केलं, पोती बाजूला लावली,
वहीत वेळ लिहिली, खाली बारीक सही.

बाहेर सिन्नरचा वारा पत्रे वाजवत होता.
पावणेपाचला सटाण्याला फोन लावला,
झोपले असतील असं मनात म्हणेपर्यंत
पहिल्या रिंगलाच उचलला त्यांनी.
हॅलो नाही, कोण नाही.

किती?