आईची उंची

तवनाप्पा सर आमच्या घरी आले ते मला बघायला नाही,
आईला बघायला.

मी सहा वर्षांची. निपाणीच्या शाळेच्या मैदानात
त्यांनी अठ्ठावीस पोरी दांडीला लोंबकळवल्या होत्या,
मनगटावरच्या घड्याळात बघत.
बोरांसारख्या एकेक गळल्या.
मी लोंबकळतच राहिले, कारण
उतर असं कुणी म्हणालंच नव्हतं.

मग त्यांनी माझी कोपरं उलटी वाकवून पाहिली,
ओल्या पावलाचा ठसा फरशीवर उमटवून कमान मोजली,
वहीत लिहिलं: महादेवी. खांदे बरे. भीती कमी.
आणि म्हणाले, आता घर दाखव.

रशियात म्हणे असंच असतं.
पतियाळ्याला सर सहा महिने एका रशियन बाईंच्या हाताखाली होते.
बाईंनी सांगितलेलं, पोर निवडायचं तर आई बघा.
पोर आज वीतभर, उद्या केवढं होणार
ते आईच्या अंगावर लिहिलेलं असतं.

आई उंबऱ्यात बसलेली, मांडीवर सूप,
सुपात पानं, तंबाखू, दोरा.
शेजारणीला वाटलं स्थळ आलंय.
'एवढ्याशा पोरीला?' म्हणत तिनं पदर तोंडाला लावला.
सर म्हणाले, बाई, जरा उभ्या राहता?
आई उभी राहिली, म्हणजे
जेवढं राहता येतं तेवढी.
सरांनी नजरेनंच मापलं आणि लिहिलं:
पाच फूट. चालेल.

मग सात वर्षं.
पहाटे पाचला वखारीची मागची खोली,
तंबाखूच्या बारदानात भुसा भरून केलेल्या गाद्या.
पडलं की आधी शिंक यायची, मग रडू.
बीम म्हणजे कुणाच्या तरी गोठ्याचं तुळवट,
हाताला शाळेतल्या खडूची पूड.
सर मोजायचे राज, द्वा, त्री,
आम्ही मनात ओंदु, एरडु, मूरु,
पडताना मात्र सगळ्याच, शबाना मुल्लासुद्धा,
आई गं.

'तिकडे' हा सरांचा लाडका शब्द.
तिकडे डॉक्टर असतो. तिकडे जेवण सरकार तोलून देतं.
तिकडे शाळा जिमच्याच वरच्या मजल्यावर.
इकडे मड्डीमनी हॉटेलवाले रोज सहा अंडी द्यायचे,
आम्ही सात होतो.
सातवं सर घरून आणायचे.
जैनाच्या घरात अंडं कुठलं,
हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

तेराव्या वर्षी मी वाढायला लागले.
जूनमध्ये एक बोट, दिवाळीपर्यंत चार.
वरच्या दांडीवरून झोका घेतला
आणि पाय खालच्या दांडीवर आपटले.
सरांनी जुनी वही काढली, वाचली, पुन्हा वाचली,
आणि घरी आले. आई उंबऱ्यात, मांडीवर सूप.

'बाई, भिंतीला टेकून उभं राहायचं. टाच, पाठ, डोकं.'
पाठ टेकेना.
दिवसाला हजार विड्या, अशी एकोणीस वर्षं.
सर संकोचून मला म्हणाले, तू लाव.
मी खांदे धरून आईला मणका मणका भिंतीला लावत गेले,
शबानाला कमान शिकवताना लावायचे तशी.
आई हसत होती, आई गं म्हणत होती,
आणि वर वर येत होती.

कोळशाची रेघ: पाच फूट सहा.
सर रेघेकडे बघत राहिले.
वहीत काहीच लिहिलं नाही.

आता मी निपाणी-चिकोडी गाडीला कंडक्टर.
वळणावर दांडी न धरता तिकिटं फाडते,
म्हाताऱ्या ओरडतात, पडशील की गं!
मागच्या वर्षी घर रंगवलं,
पेंटरला म्हटलं तेवढी भिंत सोड.
आई अजून तिथंच बसते,
रेघ तिच्या डोक्याच्या कितीतरी वर.
येणारेजाणारे विचारतात,
कुणाच्या पोराची उंची ही?
केवढं झालं असेल आता.